नागपूरला आत्याकडे पाच दिवस

दिवस पहिला

महाराष्ट्र एक्स्प्रेसने सातारा ते नागपूर म्हणजे जवळपास एक अख्खा दिवस. बडनेरा गेलं आणि खिडकीतून येणारा वारा एकदम भट्टीसारखा झाला. एप्रिलचा पहिला आठवडा होता. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पिशवीतून कांदा काढून माझ्या हातात ठेवला, म्हणाल्या, "जवळ असू द्या जी, ऊन लागत नाही." वर्धा येईपर्यंत तो कांदा मी मुठीतच धरून होते.

आत्याचा फोन मार्चमध्ये आला होता. "मला आता वाचता येत नाही गं. ये आणि चार दिवस वाचून दाखव." एवढंच म्हणाली. आत्या ८४ वर्षांची. लग्न होऊन साताऱ्याहून नागपूरला आली ती इथलीच झाली. तिच्या बोलण्यात अजूनही एखादं 'गं' साताऱ्याचं असतं, बाकी सगळं इकडचं. नोकरी, संसार, यजमानांचं आजारपण हे सगळं सांभाळून तिने चाळीस वर्षं उपनिषदं वाचली. संस्कृत मी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पण अद्वैताची, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच या विचाराची, गोडी मला तिने लावली, तीही पत्रांतून. निळ्या अंतर्देशीय पत्रात खुशाली दोन ओळी आणि उरलेल्या जागेत मांडूक्य उपनिषद.

धंतोलीतल्या तिच्या घरी पोचले तर दारातच उभी होती. माझ्याकडे बघून हसली, पण नजर माझ्या कानाच्या जरा पलीकडे. मला वाटलं मागे कुणी आहे, म्हणून मी वळून पाहिलं.

"मागे कोणी नाही," ती म्हणाली. "तुलाच बघून राहिली. सरळ पाहिलं की तू दिसत नाहीस. थोडं बाजूला पाहिलं की कडेला दिसतेस."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग. ज्या गोष्टीकडे बघावं नेमकी तीच गडप होते, आजूबाजूचं मात्र दिसतं. ताटातली पोळी दिसते, पण तिच्याकडे नीट बघायला जावं तर पोळी जाते आणि भाजी दिसायला लागते. हे ती चहा पिता पिता सांगत होती. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी समोर बसून शेंगा सोलत होत्या. तिघींचा चहा एकसारख्या काचेच्या पेल्यांत होता.

रात्री कूलरच्या घरघरीत आम्ही वाचायला बसलो. काय वाचायचं हे तिने ठरवूनच ठेवलं होतं, 'दृग्दृश्यविवेक'. अवघे ४६ श्लोक. कुणी म्हणतं शंकराचार्यांचे, कुणी म्हणतं भारतीतीर्थांचे. पहिला श्लोक मी वाचला:

रूपं दृश्यं लोचनं दृक् तद्दृश्यं दृक्तु मानसम् ।
दृश्या धीवृत्तयः साक्षी दृगेव न तु दृश्यते ॥

रूप दिसतं आणि डोळा बघतो. मग तो डोळाच 'दिसणारा' होतो आणि मन बघतं. मनातल्या वृत्तीही दिसतात, त्यांना बघणारा साक्षी. तो मात्र नुसता बघणारा, त्याला कुणी बघू शकत नाही. हा श्लोक मी कितीदा वाचलाय. पण आत्या म्हणाली, "पुढचं वाच, तिसरा." तिसऱ्यात आंधळेपण, मंदपण, तीक्ष्णपण हे डोळ्याचे धर्म सांगितलेत आणि ते तिन्ही एकाच मनाला कळतात असं म्हटलंय.

"हे बघ," ती म्हणाली, "डोळा मंद झाला हे मला किती स्वच्छ कळतं! त्या कळण्याला मोतीबिंदू नाही, डाग नाही. तिशीतही ते असंच होतं. तेव्हा डोळा चांगला म्हणून माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं."

मी पुस्तक मिटलं. एकतीस वर्षांत मला हा श्लोक कुणी असा समजावला नव्हता.

दिवस दुसरा

पहाटे पाचला अंगणात गेले आणि किंचाळलेच. कूलरला पाणी भरायचा काळा पाइप भिंतीशी वेटोळं करून पडला होता. मावशींनी दिवा लावला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आत्या आतून म्हणाली, "नाग नदीच्या गावात आलीस, साप दिसणारच!" मग चहाच्या वेळी तिने विचारलं, "दिवा लावल्यावर साप गेला कुठे?" कुठेच गेला नाही, कारण आलाच नव्हता. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानले जाणारे गौडपाद, त्यांचा अजातिवाद म्हणजे हाच. जग नाहीसं करायचं नाही, ते वेगळं असं कधी जन्मलंच नाही हे ओळखायचं. मांडूक्य उपनिषदाचे मंत्र अवघे १२ आणि त्यावर गौडपादांच्या कारिका, म्हणजे अर्थ उलगडणारे श्लोक, २१५. जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींत असून कुठल्याच एकीत न मावणारं तुरीय, एवढाच त्याचा विस्तार.

सकाळी उन्हाआधी रामकृष्ण मठात जाऊन आलो. धंतोलीतला हा मठ १९२८ पासूनचा, 'जीवन-विकास' मासिक इथूनच निघतं. आत्या हातात काठी न घेता चालते. पायाला रस्ता पाठ आहे. मंदिरात ती अर्धा तास डोळे मिटून बसली. मिटलेल्या डोळ्यांनी तिच्यात आणि माझ्यात काही फरक उरला नव्हता.

परतताना कोपऱ्यावर माठ मांडले होते. आत्याचा जुना माठ झिरपत होता, म्हणून थांबलो. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाजवून घ्या ताई, बद्द वाजला तर ठेवून द्या." मी टिचक्या मारत होते, आत्या नुसती ऐकत होती. तिसऱ्या माठावर तिने मान डोलावली. काळा, तळाशी थोडा बसका, गळ्याजवळ कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला. घरी येऊन तो दिवसभर पाण्यात बुडवून ठेवला. पहिल्यांदा पाण्यात घातला तेव्हा त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे निघत होते आणि ओल्या मातीचा वास सगळ्या न्हाणीघरात पसरला होता. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो, मातीचं एक ढेकूळ कळलं की मातीचं सगळं कळलं, विकार म्हणजे नुसतं बोलण्यापुरतं नाव, खरी माती. मी तो माठ बराच वेळ धरून बसले होते. नावापुरता? हाताला तर चांगला जड लागत होता.

संध्याकाळी आत्याकडे वाचनाला माणसं येतात. दर आठवड्याला, बरीच वर्षं. त्या दिवशी पाच जण होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, शेजारच्या दोन काकू, औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि पालीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात. सर बौद्ध आहेत. गौडपाद त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत, कारण ते दुसऱ्या बाजूने आलेत.

गौडपादांच्या कारिकांतलं तिसऱ्या प्रकरणातलं घटाकाश वाचलं. माठाच्या आतलं आकाश आणि बाहेरचं आकाश दोन नव्हेत. माठ फुटला म्हणजे आतलं आकाश बाहेरच्यात मिसळतं हेही बोलण्यापुरतंच. मग पाचवी कारिका आली. आत्मा एक असेल तर एकाचं दुःख सगळ्यांना का होत नाही, या शंकेचं ते उत्तर आहे: एका घटाकाशात धूळ-धूर भरला म्हणून सगळे घटाकाश मळत नाहीत, तसंच जीवांचं सुखदुःख.

काका म्हणाले, "वा, शंकाच मिटली."

सर म्हणाले, "शंका मिटली जी, पण धूर कोण काढणार?"

कुणी काही बोललं नाही. मावशींनी पन्ह्याचे पेले आणले. त्यानंतर चौथ्या प्रकरणावरून बराच वाद झाला. ते 'द्विपदां वरम्' अशा वंदनाने सुरू होतं, दोन पायांच्या प्राण्यांत श्रेष्ठ असलेल्याला नमस्कार. शंकराचार्यांच्या भाष्यात हा नारायण, सर म्हणाले हा बुद्धच, कोलितं फिरवून दिसणाऱ्या चक्राचा दाखला बौद्धांत जुना आहे. शेवटाकडे गौडपाद स्वतःच म्हणतात की हे बुद्धाने सांगितलेलं नाही. ज्याचं ऋण नाही त्याचं नाव अशा वेळी कोण कशाला काढेल, असा सरांचा मुद्दा. मला तो पटला. जाताना ते मला म्हणाले, "परवा दीक्षाभूमीला या, मी असतो सकाळी."

दिवस तिसरा

अंभोरा. नागपूरहून कुही, वेलतूरमार्गे सुमारे ७० किलोमीटर. आतेभावाने गाडी दिली. पहाटेच निघालो, कारण दहानंतर रस्त्यावर थांबवत नाही. आत्या हट्टाने आली. वेलतूरच्या अलीकडे मोहाच्या झाडांखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. ती फुलं पिवळट, मोत्यासारखी फुगीर, आणि त्यांच्या वासाने गाडी भरून गेली. "खाली पडलेली फुलं मला दिसत नाहीत, पण मोह आला हे कळलं," आत्या म्हणाली.

इथे यायचं कारण मुकुंदराज, 'विवेकसिंधु' हा मराठी ग्रंथ लिहिणारे. शके १११०, म्हणजे ११८८ साल, हा 'विवेकसिंधु'चा काळ परंपरेने सांगितला जातो. ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधी. ग्रंथात वैनगंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख येतो आणि विदर्भातली माणसं ती अंबानगरी म्हणजे हेच अंभोरा मानतात. मराठवाडा मुकुंदराजांना अंबाजोगाईचे मानतो आणि समाधीही तिथे आहे. विद्वानांचा हा वाद जुना आहे. मला त्यात निकाल द्यायचा नाही. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की शंकराचार्यांचं अद्वैत मराठीत आणताना या माणसाला संकोच वाटला नाही. वेदशास्त्राचं सार मराठीतून मिळत असेल तर शहाण्यांनी ते का घेऊ नये, असं तो सरळ विचारतो. संस्कृत शिकवून पोट भरलेल्या मला तो प्रश्न जिव्हारी लागतो. घरात रोजच्या वापरात असलेल्या भाषेत 'मी कोण' हे विचारता यावं, ही सोय या माणसाने करून ठेवली.

राजा जैतपाळाची गोष्ट आत्याने गाडीत सांगितली. त्याला ब्रह्म बघायची घाई. जो साधू येईल त्याला म्हणे, दाखव. दाखवता आलं नाही की त्याला कामाला जुंपायचा. मुकुंदराजांनी येऊन राजाला बोध केला आणि आधी ते साधू सुटले. "मला त्या गोष्टीत राजाचं ज्ञान आठवत नाही," आत्या म्हणाली, "साधू सुटले तेवढं आठवतं."

चैतन्येश्वराचं मंदिर टेकडीवर आहे. हरिहरस्वामींची समाधीही इथेच आहे, त्यांना मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतले मानतात. आत्या पायऱ्या मोजत चढली. वर आलो आणि समोर पाणीच पाणी. वैनगंगेला इथे कन्हान, आम आणि आणखी दोन नद्या मिळतात, म्हणून पाच नद्यांचा संगम. गोसीखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी आता इथवर पसरलंय, त्यामुळे कुठली नदी कुठून येते ते डोळ्यांना कळत नाही. एका अंगाला नवा केबलचा पूल, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा, उंच मनोऱ्यावरून ताणलेल्या तारांचा. पुलावर सेल्फी घेणाऱ्यांची सकाळीच गर्दी होती.

मला मुंडक उपनिषदातला मंत्र आठवला. वाहत्या नद्या जशा नाव-रूप सोडून समुद्रात मावळतात, तसा जाणणारा नाम-रूपातून सुटून परात्पर पुरुषाला मिळतो. मी तो मोठ्याने म्हटला. पाण्याकडे बघून अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी सगळं पटलं होतं.

खाली काठाला एक ढिवरदादा डोंग्यात जाळं नीट करत बसले होते. साठीचे असतील. मी विचारलं, "दादा, यातली कन्हान कोणती?"

त्यांनी मान वर केली नाही. "पाण्यावरून नाही समजत ताई. जाळं टाकलं की समजते. खाली धार ज्याची त्याचीच असते. वैनगंगेची ओढ वेगळी, कन्हानची वेगळी." मग जाळ्याची गाठ दातांनी ओढत म्हणाले, "तिकडे खाली आमचं गाव होतं. वावर होतं दोन एकर. आता पुनर्वसनात घर आहे, पण गाव नाही ते."

"गावाचं नाव तेच ठेवलंय का?"

"नाव तेच आहे. नावात काय राहतं?"

हे वाक्य मी वर मंत्र म्हणून म्हटलं होतं, जवळजवळ याच अर्थाने. त्यांच्या तोंडून ते आलं आणि मला तो मंत्र तोंडात धरवेना. धरणाची पायाभरणी १९८८ ची. म्हणजे ऐन उमेदीत असताना त्यांच्या कानावर पहिल्यांदा आलं असणार की गाव जाणार. त्यांना मी काय सांगणार होते, की नाम-रूप मिथ्या आहे? मिथ्या म्हणजे खोटं नव्हे, मिथ्या म्हणजे स्वतंत्र सत्ता नसलेलं, हे मला येतं. परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक या सत्याच्या तीन पातळ्याही येतात. त्या दादांसमोर यातलं एकही अक्षर उच्चारायची माझी हिंमत झाली नाही, आणि झाली नाही हे बरं झालं.

आत्याला आम्ही डोंग्याच्या कडेला बसवलं. तिने हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. परतताना तिला हे सगळं बोलून दाखवलं. अकरा वाजून गेले होते. डांबरी रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं चकाकत होतं, गाडी जवळ गेली की पुढे सरकत होतं. मृगजळ.

"ते पाणी तुला दिसतं ना अजून?" तिने विचारलं.

"दिसतं."

"नाही हे माहीत असून?"

हो, माहीत असूनही दिसत होतं. दोरीवरचा साप दिवा लावला की जातो. मृगजळ मात्र खोटं कळलं तरी दिसत राहतं, कारण ऊन असतं, तापलेली जमीन असते. वेदान्तात याला बाधितानुवृत्ती म्हणतात. ज्ञान झाल्यावरही देह आहे तोवर जग दिसतच राहतं, फक्त माणूस तहान भागवायला त्याच्यामागे धावत नाही. आत्या म्हणाली, "माझे डोळे गेले, त्याला मी मिथ्या म्हणते. ते माझ्या हातात आहे. त्या ढिवराचं गाव गेलं त्याला मी मिथ्या म्हणू शकत नाही. म्हणायचं असेल तर तो म्हणेल. आपण त्याला म्हटलं तर तो वेदान्त नाही, ते हात झटकणं आहे." आणि सीटवर डोकं टेकवून झोपली. मी घरापर्यंत रस्त्यावरच्या त्या पाण्याकडे बघत होते.

दुपारी वहिनीने गोळाभात केला होता. वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. तीन वाजेपर्यंत सगळं घर झोपलं.

दिवस चौथा

सकाळी सातला दीक्षाभूमी. सर गेटपाशी उभे होते, हातात पाण्याची बाटली. त्यांनी मला आधी बोधिवृक्षाकडे नेलं, श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा हा वृक्ष. मग स्तूपात. २००१ साली खुला झालेला हा स्तूप आतून पोकळ आहे, घुमटाचा व्यास आणि उंची दोन्ही १२० फूट. सांचीसारखे जुने स्तूप भरीव असतात, इथे मात्र माणूस आत जाऊ शकतो. आत गेलं की पहिल्यांदा थंडावा जाणवतो, मग आपल्याच पावलांचा आवाज वरून परत येतो. मध्ये बुद्धमूर्ती. माझ्या मनात लगेच माठ आणि घटाकाश आलं. ते सरांना बोलले नाही. इथे येऊन सगळ्याला आपल्या ब्रह्मात ओढून घ्यावं, हा उद्धटपणा झाला असता. बौद्ध मत ब्रह्म मानत नाही, आत्माही मानत नाही. दोन्हीकडे 'शांत' शब्द येतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली. बावीस प्रतिज्ञा शिळेवर कोरल्यात. सरांचं बोट नवव्या प्रतिज्ञेवर थांबलं: सर्व मनुष्यमात्र समान आहेत. "माझे वडील त्या दिवशी इथे होते," ते म्हणाले. "पायी आले होते." पुढे काही बोलले नाहीत.

मग बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, बाबासाहेबांनी उपनिषदांतल्या महावाक्यांवर काय लिहिलंय ते वाचलंय का. मी वाचलं नव्हतं. 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात बाविसावं कोडं त्यावरच आहे. ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९८७ साली महाराष्ट्र शासनाने छापला. मला वाटलं होतं तिथे निव्वळ खंडन असेल. तसं नाही. 'सर्वं खल्विदं ब्रह्म', 'अहं ब्रह्मास्मि', 'तत्त्वमसि' यांत लोकशाहीचा सगळ्यात भक्कम पाया होता, असं बाबासाहेब म्हणतात. आपण सारे देवाची लेकरं, या पायापेक्षाही भक्कम. 'अहं ब्रह्मास्मि'ला उद्धट म्हणून हसणारे 'तत्त्वमसि' विसरतात, हेही त्यांनीच लिहिलंय. आणि त्यानंतर ते विचारतात, मग या तत्त्वज्ञानातून समाज का बदलला नाही? कारण ते धर्माचा पाया कधी झालंच नाही. ब्रह्म एकीकडे, आचार दुसरीकडे. सर्वव्यापी ब्रह्म शिकवणाऱ्या शंकराचार्यांनीच विषमताही उचलून धरली.

मला यावर बोलायला जागा नव्हती, कारण मला अपशूद्राधिकरण माहीत आहे. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्या अध्यायातलं, शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असं सांगणारं. दुसरीकडे त्यांच्याच नावावर मनीषापंचकाची कथा आहे: काशीत वाटेत चांडाळ येतो, आचार्य त्याला दूर हो म्हणतात आणि तो विचारतो, कुणाला दूर करतोस, अन्नमय देहापासून अन्नमय देहाला की चैतन्यापासून चैतन्याला? आचार्य त्याच्या पाया पडतात. आम्ही वर्गात नेहमी हे पंचक शिकवलं. अधिकरण कधी शिकवलं नाही.

सर म्हणाले, "तुम्ही सगळ्यांत एकच आत्मा म्हणता, आम्ही कोणातच नाही म्हणतो. तो वाद चालू राहील, मजा येते त्यात. माझा प्रश्न एवढाच आहे जी, की 'त्वम्' म्हणताना तुमच्यासमोर कोण उभा असतो?"

उद्दालक श्वेतकेतूला नऊ वेळा 'तत्त्वमसि' म्हणतो. नऊही वेळा समोर आपला मुलगाच आहे.

घरी येताना रिक्षात मला साताऱ्यातलं माझं स्वयंपाकघर दिसायला लागलं. खिडकीच्या कठड्यावर एक निळा कप आहे, कान तुटलेला. माझ्याकडे बारा वर्षं भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा तो कप. आजीच्या काळात असा एक कप होता, आईच्या काळात होता, माझ्याकडे तो कधी आला हे मला आठवतही नाही. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. त्या चहा झाला की तो विसळून पुन्हा तिथेच ठेवतात, आणि मी त्याच ओट्याशी उभी राहून 'ईशावास्यमिदं सर्वम्' म्हणत दूध तापवते. बारा वर्षं. आत्याकडचे एकसारखे पेले मला पहिल्या दिवशी दिसले होते, त्यांचं वेगळं काही वाटलं नव्हतं. आता त्यातून चहा पिताना घोट घशाखाली उतरेना.

आत्याला रात्री सांगितलं. तिने माझी समजूत घातली नाही. "माझ्याकडेही होता," ती म्हणाली. "१९७४ पर्यंत. मग एक दिवस फोडला. फोडताना मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं, आणि तेव्हाच्या आमच्या बाई म्हणाल्या, बरा होता तो कप, माझ्या पोरीला नेला असता." ती थोडा वेळ गप्प राहिली. "फोडायचा नव्हता. समोर बसायचं होतं त्यांच्या."

त्या रात्री आम्ही वाचलं नाही.

दिवस पाचवा

निघायचा दिवस. सकाळी तर्री-पोहे, नंतर बांधाबांध. संत्र्याची बर्फी, सांबारवडी आणि आत्याच्या पुस्तकांची एक पेटी, ती आता मला देऊन टाकलीय. पेटीत गुलाबराव महाराजांचे ग्रंथ निघाले. १८८१ साली विदर्भात जन्मले, नवव्या महिन्यात दृष्टी गेली, अवघं ३४ वर्षांचं आयुष्य. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवायचे, कृष्णाला पती मानायचे, आणि अद्वैत न सोडता भक्ती ठेवायची म्हणून त्यांनी मधुराद्वैत सांगितलं. एक झाल्यावर प्रेम कुणावर करायचं, हा प्रश्न त्यांनी अडचण म्हणून घेतलाच नाही. प्रज्ञाचक्षू म्हणतात त्यांना. आत्या पुस्तकांच्या पाठीवरून बोटं फिरवत एकेक माझ्या हातात देत होती. कुठलं कोणतं हे तिला जाडीवरून कळत होतं.

शेवटचं वाचन म्हणून तिने बृहदारण्यक मागितलं, याज्ञवल्क्य-जनक संवाद. 'न हि द्रष्टुर्दृष्टेर्विपरिलोपो विद्यते.' बघणाऱ्याच्या बघण्याचा लोप होत नाही, कारण ते अविनाशी आहे. मी वाचत होते आणि मावशी दारात टेकून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आजीचे डोळे चांगले होतील असं लिहिलंय का त्यात?"

"नाही," आत्या म्हणाली. "नाही झाले तरी चालतील असं लिहिलंय."

"मग डॉक्टरकडे नाही जायचं का मंगळवारी?"

"जायचं ना! गाडी सांगून ठेव."

दुपारी साताऱ्याला फोन केला. आमच्या बाईंना विचारलं घर कसं आहे, तुळशीला पाणी घातलं का. कपाचं काही बोलले नाही, ते फोनवर बोलायचं नाही.

स्टेशनवर आत्या आलीच, कुणी नको म्हटलं तरी. नवा माठ आता गार व्हायला लागला होता, त्यातलं पाणी तिने माझ्या बाटलीत भरून दिलं होतं. गाडी हलली तशी ती फलाटावर खिडकीबरोबर चार पावलं चालली. मला बघायचं म्हणून ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान थोडी वळवून, माझ्या खांद्यापलीकडच्या रिकाम्या बर्थकडे टक लावून बघत हसत होती.

मी सरकून तिथे बसले नाही. बसले असते तर मी तिला दिसले नसते.